हवा कशी आहे?

११ मार्च, दुपारची जेवणं उरकल्यावर

चि. घारू,

आधी सगळ्यांच्या तब्येती विचारून घेते, मग बाकीचं. तुझ्या खोलीत राहणाऱ्या नर्सबाईची कंबर कशी आहे? घरमालकीणबाईंचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का? तुमच्या दातांच्या लॅबच्या साहेबांचा खोकला गेला का? दारावर बसणाऱ्या म्हाताऱ्याला तुम्ही पोरींनी वर्गणी काढून कवळी करून दिली होती. ती त्याला बसली, की अजून खिशात घालून हिंडतो? आता तुझी. मेणाचे दात कोरून कोरून मनगट दुखायचं, ते थांबलं का? झोप लागते? जेवण वेळेवर होतं?

बाई गं, ही तब्येतीची चौकशी म्हणजे निव्वळ तब्येतीची चौकशी आहे. तिच्या पोटात दुसरं काही नाही. मुद्दाम लिहिते, कारण आपल्या घरात साध्या प्रश्नांना शेपूट फुटायची खोड लागली आहे. त्या शेपटालाच कंटाळून तू नोव्हेंबरात तो निरोप पाठवलास. 'हवा पाठवली आहे. आता तुम्ही फोन करू नका. मला वाटेल तेव्हा मी करीन.' आपण घरात पैशाला हवा म्हणतो हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. मलाही पूर्वी हसू यायचं.

तुझा बाप कसला आहे तुला ठाऊक. गिऱ्हाईक 'चार वाजता येतो' म्हणालं, तर चारला त्याची सायकल पुसून फुटपाथवर काढून ठेवणारा माणूस. तू फोन करू नका म्हणालीस, त्यानं केला नाही. तुझ्या आईलाही करू दिला नाही. "तिनं सांगितलंय ना? मग?" झालं. आणि तिकडे तू म्हणत असशील, पैसे पोचले, आता यांना फोनचं काय काम? खाण तशी माती. दोघंही आपापल्या दगडावर बसलाय, आणि मधली नदी पाहत मी काठावर उभी.

पत्राची मनाई तू केलेली नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या बापाला सांगितलेलं नाही. अक्षर लावून घे. मी शाळेत गेले नाही; टेलरमास्तरांकडे काज-बटण करायला बसले, तिथं ते जुन्या वर्तमानपत्रावर कपड्यांचे नमुने कापायचे, ते वाचत वाचत शिकले. त्यामुळे कितीतरी वर्षं मला जगाची अर्धीच बातमी कळायची. उरलेली अर्धी दुसऱ्या बाहीवर असायची.

घरी सगळं ठीक आहे. तुझी आई हल्ली पाळणाघरात जाते, तिला मुलांची आवड आहेच. बारक्या विम्याच्या कचेरीत चिकटला आहे, गळ्यात पट्टा घालून जातो, अगदी साहेब दिसतो. दुकानही बरं चाललंय. दुकानावर एक नवी पाटी लागली आहे, तिच्याबद्दल पुढं कधीतरी.

एवढंच मागणं आहे. बापाला एक फोन कर. काय बोलावं सुचलं नाही तर मागच्या चाकाचं विचार, पुढच्याचं तो आपणहून सांगेल. आणि मला दोन ओळी टाक.

तुझी आत्या

२ एप्रिल

घारू,

मी तुला पत्र टाकलं आणि त्याचं उत्तर मला बँकेतून आलं!

पेन्शनवाल्यांच्या रांगेत मी उभी, खिडकीतली मुलगी म्हणते, "आजी, तुमच्या खात्यावर पैसे आलेत. बरेच आहेत." मी म्हटलं, "माझे नाहीत, चुकून आले असतील." तिनं नाव वाचून दाखवलं. तुझं. सोबत चार शब्द, 'आत्या, लागतील तसे वापर.' मी म्हटलं, "परत पाठव." ती म्हणाली, "आजी, लोक पैसे आले नाहीत म्हणून भांडतात. तुम्ही आले म्हणून भांडताय." पण पाठवले तिनं. चांगली मुलगी आहे. तुझ्याहून जास्त ऐकते.

म्हणजे मी अख्खा कागद खरडला, कंबर विचारली, गुडघा विचारला, आणि तुला त्यात पैसेच दिसले? दुसऱ्यांचे दात करता करता तू आमच्यावर दात धरून बसलीस की काय? राग आला मला. दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी काजं करता करता दोरा तुटला, आणि नवा ओवताना वाटलं, पोरीचं काय चुकलं? लांडगा आला रे म्हणून आम्हीच इतकी वर्षं ओरडलो. आता खरंच कुणी नुसतं भेटायला आलं तरी तिला लांडगाच दिसणार.

तुला आठवतं का गं, हा शब्द कुठून निघाला? तू नवी नवी नोकरीला लागली होतीस. पहिल्या पगारात मला बारकी कात्री आणलीस, आईला छत्री, बापाला बूट. ते बूट दुकानात काळे होतील म्हणून तो घालत नाही आणि बाहेर कुठं जात नाही, त्यामुळे अजून खोक्यातच कोरे आहेत. काय आनंद होता तुला तेव्हा! पैसे खर्च करताना तुझे गाल फुगायचे, लहानपणी पंप मारताना फुगायचे तसे.

मग बारक्याची फी आली. तुझा बाप फोन हातात धरून उभा. "तिकडे हवा कशी आहे?" तू सांगितलंस, बरी आहे. मग जेवलीस का, मग परत, "आणि हवा?" तिसऱ्यांदा हवा विचारल्यावर तू खळखळून हसलीस आणि म्हणालीस, "बाबा, हवा विचारताय, की काही हवं आहे?" आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत जास्त तो हसला, कारण त्याचं जड ओझं तू अलगद उतरवून घेतलं होतंस. ज्या माणसानं उभ्या जन्मात सायकलीत हवा भरल्याचे पैसे घेतले नाहीत, त्याच्या तोंडून तो शब्द निघेना, म्हणून तू त्याला दुसरा शब्द दिलास. मायेनं दिलास.

पण फुकटचा शब्द सगळ्यांनी वापरायला घेतला. आई म्हणायची, "यंदा हवा जरा कमी पडतेय गं." बारक्या तर काय, "ताई, हवा मार की थोडी!" चष्म्याच्या वेळी मीही म्हटलं होतं. पैसे म्हटलं असतं तर जीभ अडखळली असती, दहादा विचार झाला असता. हवा म्हणायला काय लागतं? श्वास घ्यावा तशी आम्ही मागत गेलो. आणि तू देत गेलीस. तुझं हसू त्यातून केव्हा गेलं ते कुणी पाहिलं नाही.

मी मात्र आता पाहते आहे, म्हणून विचारते. पैसे नकोत, शब्द पाठव. रागाचे असले तरी चालतील. मी म्हातारी आहे, पण काचेची नाही.

आत्या

२४ एप्रिल

माझ्या बाई,

तुझं पत्र मिळालं. जाड पाकीट पाहून पोस्टमन म्हणाला, "आजी, लग्न ठरलं का कुणाचं?" मी म्हटलं, "भांडण आहे." म्हणाला, "मग बरंच आहे."

तीनदा वाचलं. तू लिहितेस, पलंग घेतला. इतकी वर्षं जमिनीवर गादी टाकून झोपलीस, कारण दर वेळी पलंगाचे पैसे साठले की इकडून हवा यायची. पलंग घेतलास तर आनंद होण्याऐवजी चोरी केल्यासारखं वाटलं, आणि घरून व्हिडिओ कॉल आला की तू खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचीस, पलंग आम्हाला दिसू नये म्हणून. इथं मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ परत घातला नाही. आमची पोर आमच्यापासून पलंग लपवते. अगं, आम्ही काय जप्तीवाले आहोत? आणि मग वाटलं, तिला तसं वाटलं असेल तर काहीतरी आहोतच.

झोप बाई त्या पलंगावर. आडवी-तिडवी झोप. चांगली चादर आण.

दुसरी गोष्ट, परदेशातल्या नोकरीची. जुलैत निघायचं, तीन वर्षं यायचं नाही, आणि घरी सांगू नकोस, कारण 'पगाराचा आकडा कळला की मी पोचायच्या आधी घर तो वाटून घेईल.' ठीक आहे. नाही सांगणार. माझं पोट म्हणजे फाटका खिसा, पण याला मी टाका घातला आहे. पण घारू, बापाशी न बोलता तू समुद्रापलीकडे जाणार? मग ही गाठ सुटणार कधी? तीन वर्षांनी आम्ही सगळे असू असं मी लिहून देऊ शकत नाही. मी तर नाहीच.

तिसरं, बारक्याचं. 'त्याला कुणी काही मागत नाही, कारण तो मुलगा आहे का, की धाकटा आहे?' हा प्रश्न मी पत्रातून उचलून सरळ जेवणाच्या ताटावर ठेवला. तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, "आजपासून या घरात हवा हा शब्द बंद."

बारक्या म्हणाला, "मग आत्या, बाबांनी चाकात काय भरायचं?"

"तुझं डोकं. रिकामंच आहे. ज्याला पैसे लागतील त्यानं पैसे म्हणायचं. तोंडानं. मोठ्यानं."

तुझी आई म्हणाली, "वन्सं, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांनाही लागतात. आणि आधी घरातल्या कमावत्या मुलाला मागायचं. काय रे, तुझा पगार जातो कुठं?"

त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "मला कुणी कधी मागितलेच नाहीत गं. मला वाटायचं, लागत नसतील."

पोरगा खोटं बोलत नव्हता. कुणी मागितलेच नव्हते. पान्हा सुटलेल्या गाईखालीच बादली लावायची सवय झालेली, दुसऱ्या गोठ्याकडे बघतो कोण? तुझी आई ताटातली भाजी उगाच इकडून तिकडे सारत बसली. दुसऱ्याच दिवशी बारक्यानं उरलेला पगार आईच्या हातात ठेवला. तोंड असं केलं, जसं काही कुणी दात उपटतंय. पण दिले.

आता नीट ऐक. शेवटी तुझा बाप बोलला. त्यानं हात धुतला, पुसला, परत बसला, आणि म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी खरंच हवा विचारली होती."

तुझ्या आईनं विचारलं, "कुठल्या दिवशी?"

नोव्हेंबरात तुमच्या शहरात वादळ आलं होतं. दुकानातल्या रेडिओवर त्यानं ऐकलं, झाडं पडली, लॅबच्या बाजूच्या भागात छपरं उडाली. त्यानं पंप टाकून तुला फोन लावला आणि विचारलं, "घारू, तिकडे हवा कशी आहे?" तू म्हणालीस, "कळलं बाबा. संध्याकाळपर्यंत पाठवते." आणि ठेवलास. संध्याकाळी पैसे आले. मागोमाग तो निरोप आला.

तुझी आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, मग परत फोन करून सांगायचं ना!"

तो म्हणाला, "काय सांगू? करू नका म्हणाली ना. आणि पैसे आले म्हणजे मला कळलं. बँक चालू आहे, म्हणजे वीज आहे, म्हणजे पोरगी धडधाकट कामावर पोचली. तेवढंच तर विचारायचं होतं."

त्या पैशाला त्यानं हात लावलेला नाही. आणि सकाळी चहाबरोबर पेपर आला की आधी मागचं पान उघडतो, तुझ्या शहराचं ऊन-वारा-पाऊस वाचतो, मग पहिलं पान. 'आज तिकडे ढग आहेत,' असं आम्हाला सांगतो आणि दुकानात जातो. मला वाटायचं, वय झालं, खूळ लागलं असेल.

पाटीचंही सांगून टाकते. पाटीवर लिहिलंय, 'हवा भरण्याचे पैसे पडतील.' तुझ्या निरोपानंतर त्यानं ती स्वतः रंगवली. शाळेतली मुलं भांडतात, "काका, हवेचे कसले पैसे? हवा तर फुकट असते!" तो म्हणतो, "फुकटची हवा फार महाग पडली रे बाबा." मुलांना कळत नाही. मला कळतं, म्हणून मी तिकडे बघत नाही.

हे वाचून तुला काय वाटेल मला माहीत नाही. तुझी चूक म्हणून लिहिलेलं नाही. दहादा हवा म्हणजे पैसेच निघाले, अकराव्यांदा तूच काय, कुणीही फसलं असतं. पण आता तुला कळलं आहे. पुढचं तुझ्या मनावर.

लवकर लिही.

आत्या

१६ मे

चि. घारू,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन दिसला की मी उगाच दारातल्या कुंड्यांना पाणी घालायला जाते. झाडं कुजायला लागली आहेत पाण्यानं.

परवा फोन वाजला, घरातला. अनोळखी नंबर. तुझ्या बापाचे हात ग्रीसनं माखलेले, ते त्यानं माझ्या धुतलेल्या टॉवेलला पुसले आणि पळत आला. कर्ज देणाऱ्या कंपनीची मुलगी निघाली. आवाज थोडा तुझ्यासारखा होता म्हणे. कर्ज नको म्हणून लगेच ठेवायचा, तर हा तिला विचारतोय, "जेवलीस का? किती वेळ बसावं लागतं खुर्चीवर? मध्ये उठत जा." ती बिचारी गोंधळली. शेवटी म्हणाली, "काका, ठेवू का?" तो म्हणाला, "ठेव, ठेव, कामाची वेळ आहे तुझी." मग तसाच उभा राहिला फोन हातात घेऊन. टॉवेलचा डाग गेला नाही. मीही फार घासला नाही.

तुझं परदेशाचं मी अजून पोटात ठेवलं आहे. जड होत चाललंय. पण जाऊ नको असं मी एकदाही म्हणणार नाही. जा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण तू दात कोरूनच एवढं घर पोसलंस. आता स्वतःचं पोस. तुला वाटत असेल, मी गेल्यावर यांचं कसं होणार, म्हणून लपवलेलं सांगते. तुझी आई मुलांच्या आवडीनं पाळणाघरात जात नाही, पगारासाठी जाते. आधी रडायची, आता तिथल्या पोरांच्या गमती सांगताना थांबत नाही, आणि आपल्या पैशांनी आणलेल्या चपला पायात घालून दोनदा आरशासमोर गेली. बारक्या देतो. माझी काजं आहेत. छान नाही, पण चालतं. तुझ्यावाचून

वरची ओळ अर्धीच सोडली आहे. 'तुझ्या पैशांवाचून चालतं' असं लिहायचं होतं. लेखणीनं मधलाच शब्द गाळला, आणि जे उमटायला लागलं ते खोटं होतं. म्हणून थांबले.

घारू, तुझ्या येण्याची वाट बघणं म्हणजे काय ते तुला कसं सांगू? तुझी ताटली आम्ही अजून वर ठेवलेली नाही. तुझी आई रोज बाकीच्या ताटल्यांबरोबर ती काढते, मग 'अगं बाई' म्हणून परत ठेवते. तुझ्या बापाला ते दिसतं. तो काही म्हणत नाही, पाणी पितो.

जायच्या आधी एकदा ये. पण एक अट आहे. रिकाम्या हातानं ये. आईला काही नाही, बारक्याला काही नाही, मला कात्री नाही की सुई नाही. दर वेळी तू पिशव्या घेऊन आलीस आणि आम्ही आधी पिशव्यांकडे बघितलं, मग तुझ्याकडे. या वेळी आमच्यासमोर नुसती ये, म्हणजे आम्हाला बघायला दुसरं काही उरणार नाही.

येतेस की नाही, एका ओळीत कळव. नाही म्हणायचं असेल तर तेही कळव. वाट बघणाऱ्याला नाहीसुद्धा चालतं गं, गप्प बसणं चालत नाही.

आत्या

१९ जुलै

चि. घारू,

नीट पोचलीस हे तुझ्या फोनवरून कळलं. आता फोन दोन्हीकडून होतात, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर हे बोलता येत नाही. मी फोन घेतला की तुझा बाप शेजारी येऊन उभा राहतो आणि माझ्या कानाला कान लावतो.

तू न कळवता आलीस ते बरंच केलंस. कळवलं असतंस तर त्यानं ते कोरे बूट घातले असते आणि चावतात म्हणून दोन दिवस लंगडला असता. दुकानाच्या दारात तू उभी, हातात एक पिशवी नाही. तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. वर बघितलं आणि म्हणाला, "आलीस? बस." जसं काही तू कोपऱ्यावरून आली होतीस. मला मेलीला हसावं की रडावं कळेना. पण तुला दिसलं का, की त्यानंतर कितीतरी वेळ तो तीच ट्यूब बुडवत होता? भोक सापडलं होतं आधीच. मी समोरच्या शिवणाच्या दुकानातून बघत होते सगळं.

तू परदेशाचं सांगितलंस तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. त्यानं पहिलाच प्रश्न काय विचारावा? "पगार चांगला आहे ना?" तुझा चेहरा मी पाहिला. दगड झाला. मी मनात म्हटलं, संपलं, शेण खाल्लंस भावा. आणि तो पुढं म्हणाला, "नाही म्हणजे, तुला पुरेल ना तिथं? महाग असतं म्हणतात. भाड्यात जातं सगळं." तू खाली बघितलंस. मी त्या दिवशी तीन काजं उलट्या बाजूला घातली.

आता जे तू पाहिलं नाहीस ते सांगते, त्यासाठीच हे पत्र.

निघायच्या आदल्या दिवशी तू बापापुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, मला पैसे हवेत. जायची तयारी करायला थोडे कमी पडतायत." पैसे म्हणालीस. तोंडानं. मोठ्यानं. तो म्हणाला, "किती?" तू सांगितलेस. तो "बस इथंच, आलो" म्हणून बाहेर पडला आणि तू आत आईजवळ गेलीस.

तो तडक आला आमच्या शिवणाच्या दुकानात. पायात एकच चप्पल. टेलरमास्तर त्याचा अवतार बघून कात्री टाकून उठले. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. पैसे दे. पोरगी मागतेय."

"कुणाची पोरगी?"

"माझी! घारू! पैसे मागतेय माझ्याकडे!" आणि हसायला लागला.

मास्तर म्हणाले, "अरे, मग हसतोस काय गाढवा? पोरीला पैसे द्यायचेत तर लोकांच्या तोंडाला कोरड पडते."

मी मध्ये पडले. म्हटलं, "तुझ्या खात्यावर तिचे नोव्हेंबरचे पडलेत ना? ते दे की."

तो माझ्यावर असा डाफरला म्हणून सांगू! "ताई, तुला काही समजतं का? ते तिचे आहेत. तिचेच तिला देऊ? तिनं माझ्याकडे मागितलेत." मास्तरांनी गल्ला उघडला, त्यात पुरेना, आतून आणले. तुझ्या बापानं ते मोजलेसुद्धा नाहीत. मोजायला मास्तरांनी हात धरला तर म्हणाला, "कमी असतील तर परत येईन."

तुला त्यानं पाकिटात घालून दिले आणि वर ऐटीत म्हणाला, "एवढ्यात भागतंय का बघ." तू ते घेतलेस आणि नुसतं "हो बाबा" म्हणालीस. आभार मानले नाहीस ते फार छान केलंस. लेकीनं बापाचे आभार मानायचे नसतात, ते पाहुणे मानतात.

तुला खरंच कमी पडत होते का, हे मी विचारणार नाही. सगळा खर्च कंपनी करते असं तूच मला लिहिलं होतंस. ते पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

तू गेल्यापासून घर कसं आहे विचारशील तर ओकंबोकं आहे. तुझी आई तुझ्या उशीची खोळ धुवायची म्हणते आणि धूत नाही. बारक्यानं भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंय, तिकडच्या वेळेचं. आम्ही दोन्ही घड्याळं बघून जेवतो आणि तू झोपली असशील म्हणून हळू बोलतो. समुद्रापलीकडे काय ऐकू जाणार आहे, पण बोलतो हळूच.

तुझा बाप मात्र बदलला आहे. मास्तरांचे फेडायचे म्हणून रविवारीही दुकान उघडतो, आणि कुणी विचारलं तर सांगतो, "मुलीला दिले होते, परदेशी गेली ना, बापाला करावं लागतं." ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगतो. मास्तर म्हणतात, कर्ज काढून एवढा तरतरीत झालेला माणूस मी पाहिला नाही. काल रात्री भांडी आवरत होते तर हळूच येऊन म्हणाला, "ताई, तिला पुरले असतील का गं? अजून लागणार असतील तर ती सांगेल ना? की भिडेला पडेल?"

मी म्हटलं, "सांगेल. तुझीच पोर आहे."

तो म्हणाला, "म्हणूनच तर विचारतो."

तेव्हा घारू, कामाचा व्याप असला तरी दोन ओळी लिही, आणि लवकर लिही. थंडी किती आहे, पलंग मऊ आहे का, सगळं लिही. आणि लिहिशील तेव्हा शेवटी बापाकडे काहीतरी माग. मोठं नको गं, त्याला झेपेल एवढंच.

तुझी आत्या